हॉटेलच्या ऑर्डरीतून उरलेलं होम थिएटर

गणपतीच्या आधीच्या महिन्यात मुंबई-गोवा हायवेवर लोकांच्या खिशात पैसे असतात. चाकरमानी गावाकडे निघालेले, गावातले लोक सामानासाठी कणकवली-कुडाळला ये-जा करणारे, आणि यंदा घरात काहीतरी नवीन यावं असं प्रत्येकालाच वाटत असतं. नेमक्या याच दिवसांत पांढऱ्या व्हॅनमधून होम थिएटर विकणारी माणसं फिरतात. आमच्या दादाला ती नांदगाव तिठ्यावर भेटली आणि नऊ हजार रुपये घेऊन गेली. ही युक्ती नवीन नाही. अमेरिका-युरोपात कितीतरी वर्षं ती ‘पांढऱ्या व्हॅनचे स्पीकर’ याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे तिला गोव्याच्या हॉटेलची फोडणी दिलेली आहे, एवढंच.

दादा देवगडला परत येताना तिठ्यावर चहा प्यायला थांबला होता. शेजारी व्हॅन लागली. उतरलेल्या दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं होती, अंगावर कंपनीचा लोगो असलेले टीशर्ट. बोलणं मराठीच, पण घाटावरच्या वळणाचं. आधी त्यांनी पणजीचा रस्ता विचारला. मग चहाचे पैसे देता देता गोष्ट निघाली: पणजीच्या एका हॉटेलात सहा सेट द्यायचे होते, गोडाऊनवाल्याने चुकून आठ भरले. चलनावर सहाच आहेत. परत नेले तर मालकाच्या घशात जाणार, त्यापेक्षा तुमच्यासारख्या चांगल्या माणसाच्या घरी वाजलेले काय वाईट?

या गोष्टीची करामत लक्षात घ्या. वस्तू इतकी स्वस्त का, हा प्रश्न आपल्या मनात येण्याआधीच त्याचं उत्तर मिळालेलं असतं. शिवाय व्यवहार थोडा चोरटा असल्याने आपण आवाज न करता, कोणाला फोन न लावता, लवकर उरकायला बघतो. दादासारखा हिशेबी माणूस, आंब्याच्या पेटीमागे दलालाशी रुपया-रुपयावर भांडणारा, तिथे गप्प उभा राहिला तो यामुळेच.

पेटीवर छापलेली किंमत ५४,९९० रुपये. मोबाईलवर त्यांनी एक वेबसाइट दाखवली, तिथेही तीच किंमत आणि खाली पाच-पाच तारे. दुकानदारांची नावं किंवा विकत घेण्याचं बटण मात्र त्या पानावर नव्हतं, हे मी नंतर पाहिलं. व्हॅनमध्ये एक सेट जोडून ठेवलेला होता, त्यावर ढोलाचं एक गाणं लावलं. व्हॅनचा पत्रा हादरला. बंद पत्र्याच्या डब्यात कुठलाही वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, असाच हादरवतो, आणि ते जोडलेलं मशीन पेटीतलंच होतं याची खात्री कोण देणार? पंधरा हजारांपासून सुरू झालेला भाव नऊवर तुटला. पैसे फोनवरून पाठवले. बिल व्हॉट्सअॅपवर येईल म्हणाले, आणि आलंसुद्धा.

“अगो, पंचावन हजाराचो सेट नऊ हजारात गावलो!” असा संध्याकाळी मला फोन. मी कणकवलीला नोकरीला, शनिवारी घरी पोचले तोवर माजघरात पाच स्पीकर खिळ्यांना टांगलेले आणि टीव्हीखाली मोठा काळा वूफर. आईची मालिका चालू होती. आई म्हणाली, “माणसां काय बोलतत तां कळना नाय. नुसतो धडधडाट. टीव्हीचोच आवाज बरो होतो.” होम थिएटर घ्यायचं मूळ कारणच आई होती, पात्रांचं बोलणं तिला नीट ऐकू येत नाही म्हणून.

त्या सेटबद्दलचा सगळ्यात अचूक अभिप्राय तिचाच. पाचही स्पीकरांतून एकच आवाज येत होता. खऱ्या ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशा सेटमध्ये, माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं, मागच्या दोघांतून पाऊस, गर्दी, गाड्या असे आजूबाजूचे आवाज. त्यासाठी टीव्हीतून डिजिटल सिग्नल यावा लागतो, ऑप्टिकल केबलने किंवा एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या जागेतून, आणि तो उलगडणारा डीकोडर सेटमध्ये असावा लागतो. आमच्या सेटच्या मागे फक्त लाल-पांढऱ्या पिनांची जोडी आणि पेन ड्राइव्हची खाच. दोन पिनांतून दोनच चॅनेल येतात, त्यांचे पाच करायचे म्हणजे तेच आवाज पाच ठिकाणी वाटायचे. पेटीवर डॉल्बीसारखं दिसणारं चिन्ह होतं, जवळून बघितलं तर भलतंच.

गौरीच्या दिवशी भजन चालू असताना जळका वास आला आणि सेट बंद पडला. तोवर घुंssss असा आवाज सतत होताच, शांत वेळी फार जाणवायचा. आमच्या बाजारात रेडिओच्या जमान्यापासून दुरुस्ती करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी मागचा स्पीकर हातात तोलला आणि हसले. पुढ्याच्या दोन शंकूंपैकी वरचा, ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर म्हणून दिसणारा, नुसतं प्लास्टिकचं बोंडुक होतं, त्याला तारच नव्हती. वूफरची पेटी मात्र जड. उघडली तर आत तळाला सिमेंटचा गोळा चिकटवलेला. वजनदार वस्तू चांगली असते, हा आपला समज व्हॅनवाल्यांना पुरता ठाऊक आहे.

मग काकांनी अॅम्प्लिफायर उघडला. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, दोन अँपियरचा. म्हणजे २४ व्होल्ट गुणिले २ अँपियर, फार तर ४८ वॅटची ऐपत. बोर्डावर टीडीए २०३० नावाच्या तीन आयसी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिप. ही जुनी, स्वस्त आणि तशी प्रामाणिक आयसी आहे, चार ओहमच्या स्पीकरवर १४ वॅटच्या आसपास देते. दोन आयसींवर पाच स्पीकर वाटून जोडलेले, तिसरी वूफरला. तिन्ही मिळून कागदावर ४२ वॅट, आणि हा ट्रान्सफॉर्मर बघता तेवढेही निघायचे नाहीत. उष्णता बाहेर टाकायला लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी बिस्किटाएवढी. तासभर भजन चाललं आणि आयसी भाजली.

पेटीवर काय लिहिलं होतं? १२,००० वॅट पीएमपीओ.

काका म्हणाले, “हे आकडे नुसते वाचूचे, गो बाय. खरो आकडो हयसर.” आणि मशीन उलटं करून त्यांनी मागचं बारीक अक्षरातलं लेबल दाखवलं: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ४५ वॅट. पेटीवर बारा हजार, मागे पंचेचाळीस, आणि दोन्ही एकाच वस्तूवर!

मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. पीएमपीओ हा आकडा कसा मोजायचा याला कसलाही नियम नाही, क्षणभराच्या काल्पनिक ताकदीला हवं त्याने गुणून छापतात. सलग किती ताकद मिळते ते आरएमएस वॅट सांगतात. आरएमएसवरही विश्वास बसत नसेल तर मागचं लेबल किंवा अडॅप्टर बघा. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपियर लिहिलं असेल तर तो २४ वॅटच देऊ शकतो, मग त्यातून सलग १०० वॅटचा आवाज कुठून येणार? आणखी ढोबळ हिशेब हवा असेल तर घरातला साधा सहा अँपियरचा प्लग २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंतच वीज देतो. त्या प्लगला लागणारी वस्तू बारा हजार वॅट देते असं कोणी सांगितलं तर पुढचं ऐकूच नका.

आणि एवढे वॅट हवेत कोणाला? साध्या घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज येतो. आई मालिका बघते तेव्हा खर्च होणारी ताकद याहून कमीच असते. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे चाळीस आणि ऐंशी वॅटच्या सेटमध्ये आईला काही फरक पडणार नव्हता, कितीही पैसे घातले तरी.

आमच्याकडच्या घरांची अडचण वेगळीच असते. चिऱ्याच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, खाली कोबा नाहीतर लादी, खोलीत सामान कमी. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात कौलांवरचा, पडवीच्या पत्र्यावरचा मारा वेगळा. अशा खोलीत वूफर वाढवला तर बोलणं आणखी बुडतं. आम्ही समोरच्या भिंतीला जाड पडदा लावला, खाली सतरंजी घातली, तर जुन्या टीव्हीच्या स्वतःच्या आवाजातही शब्द सुटे झाले. हे नऊ हजार जायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर कणकवलीच्या दुकानातून छोटा २.१ साउंडबार घेतला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची दोन चॅनेलची लांबट पट्टी, वूफरसकट, साडेसहा हजारांत. बातम्या, मालिका, कधीमधी सिनेमा आणि क्रिकेट बघणाऱ्या घराला यापेक्षा जास्त लागत नाही, असं माझं मत. पाच-सहा हजारांच्या ५.१ च्या नादाला लागू नये, त्या पैशात पाच चांगले स्पीकर बसतच नाहीत. निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. टीव्हीला आणि साउंडबारला दोघांनाही एचडीएमआय एआरसी असावं. ही सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली, म्हणून बऱ्याच टीव्हींना असते, आणि मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. आईसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा रिमोट ती हातात धरणार नाही. दुसरं, दुकानात गाणं न लावता बातम्या लावून ऐकायचं. ढोल सगळ्याच सेटवर बरा वाजतो, निवेदकाचं बोलणं सगळ्यांवर सुटं येत नाही. तिसरं, कंपनीचं सर्व्हिस सेंटर निदान जिल्ह्यात कुठेतरी असावं. खाऱ्या हवेने आमच्याकडे पिना हिरव्या पडतात, दुरुस्ती आज ना उद्या निघतेच. आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा, हे देवगडात कोणाला सांगायला नको.

आता व्हॅनवाल्यांच्या बिलाबद्दल. पीडीएफ दिसायला एकदम खरी. जीएसटी क्रमांक मोजला तर चौदा आकडे-अक्षरं. तो पंधरांचा असतो, आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं, चहा निवायच्या आत होणारं काम आहे. पेटीवर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा फोन छापणं कायद्याने सक्तीचं आहे. आमच्या पेटीवर नुसतं शहराचं नाव होतं. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तपासता येतो. नव्या साउंडबारचा तपासला, बरोबर निघाला.

तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण त्यासाठी समोर नाव-पत्ता असलेला विक्रेता लागतो. इथे समोर कोणीच नाही. फोन बंद, पैसे गेलेलं खातं भलत्याच नावाचं. ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर जितक्या लवकर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवाल तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आम्हाला कळेपर्यंत गौरी येऊन गेल्या होत्या. पोलिसांनी अर्ज घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, गाडीचा नंबर? एमएच ०७, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाची नव्हती, एवढंच दादाला आठवत होतं.

मग पडेलमधल्या एकांकडे असाच सेट असल्याचं कळलं. पेटीवरचं नाव वेगळं, छापलेली किंमत वेगळी, आत सिमेंटचा गोळा तोच. त्यांना हॉटेल कळंगुटचं सांगितलं होतं. त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक आमच्या बिलावरचाच, चौदा आकडी. दोन्ही बिलं, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि मागच्या लेबलांचे फोटो जोडून आम्ही नवा अर्ज दिलाय. कणकवली, वैभववाडी, राजापूर या पट्ट्यात कोणाकडे असलं बिल पडलेलं असेल तर लाजेने फाडून टाकू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात त्याची प्रत द्या, आणि व्हॅन दिसली तर आधी नंबरपाटीचा फोटो काढा.