कोकणातलं मूळ गाव दाखवणारं पॅकेज : पाचातले अडीच स्टार

आधीच सांगते, एजंटचं नाव लिहित नाहीये कारण अर्धे पैसे परत मिळायचे बाकी आहेत. आम्ही इस्राएलला अश्दोदमध्ये राहतो, घरी अजून मराठीच, आई तर टीव्हीशी पण मराठीतच भांडते. तिला एकदा आजोबांचं गाव बघायचं होतं म्हणून मुंबईचा एक एजंट गाठला, चार दिवसांचं 'बेने इस्राएल हेरिटेज' पॅकेज (बेने इस्राएल म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू), गाडी हॉटेल सगळं धरून.

इटिनरी आली ती बघून मी हसावं की रडावं. शनिवारी सकाळी आठला नवगाव! अहो आमच्या लोकांना कोकणात शनवार तेलीच म्हणायचे, घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून, आणि हा त्याच लोकांना शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडीत बसवणार. सांगितलं तर म्हणे मॅडम संडेला खूप रश असतो. बदललं शेवटी, पण चार दिवस व्हॉट्सॲपवर डोकं खाल्लं.

दुसरी गंमत याहून भारी. एलियाहू हन्नाबी म्हणजे आमचे संदेष्टे एलिया, त्यांची खूण ज्या कातळावर आहे, म्हणजे तिथूनच त्यांचा रथ आकाशात गेला असं आपल्याकडे सांगतात, ते खंडाळा अलिबागजवळचं. याने हॉटेल बुक केलं लोणावळ्याच्या खंडाळ्यात! व्हाउचरवर 'व्हॅली व्ह्यू' वाचलं म्हणून कळलं, नाहीतर आईला घेऊन घाटातच पोचलो असतो. ते कॅन्सल केलं, त्याचेच पैसे अडकलेत.

आता चांगलं. ड्रायव्हर. हा माणूस नसता तर एकच स्टार दिला असता. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरलो, तासाभराचा प्रवास, आईला बोट लागली नाही. गप्पांमधे त्याला कळलं की आमचं आडनाव आवासकर, तर म्हणाला अहो मावशी मग आवास इथेच आहे की, जेट्टीपासून जवळ, तुमच्या कागदावर कसं नाही? खरंच नव्हतं! पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, एवढं साधं गणित, आणि हेरिटेज विकणाऱ्याने आडनाव काय असं विचारलं सुद्धा नाही. आवासला आमचं असं काही सापडलं नाही, घर नाही, खूण नाही. एका दुकानात पाणी घेतलं, दुकानदार म्हणाला कुणाकडचे? आई म्हणाली इथलेच. बास, तेवढ्यावर ती खुश.

नवगावला स्मारक आहे आणि जुनी कबरस्तानाची जागा. आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना इथेच पुरलं, हे लहानपणापासून ऐकलेलं, पण तिथे समुद्राचा वारा तोंडावर आला की वेगळंच वाटतं, मी तरी गप्प झाले. दुपारचं जाऊ नका, सावली फार नाही. अलिबागला इस्राएल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगला (आमचं प्रार्थनास्थळ) एजंटने आधी फोनच केला नव्हता, कुलूप. ड्रायव्हरनेच शेजारी विचारपूस करून किल्लीवाले काका शोधले.

कातळापाशी आईने मलिदा केला, एलियाहू हन्नाबीच्या नावाचा आमचा प्रसाद. पोहे भिजवले हॉटेलच्या बादलीत (धुतलेली होती!), गूळ, खोबरं, केळी, खजूर. घरी भिंतीवर रथाची तसबीर आहे तिच्यासमोर आम्ही आयुष्यभर करतोय, इथे समोर नुसता दगड आणि आई त्यावर हात फिरवत बसलेली. ड्रायव्हरला पहिला द्रोण दिला, त्याने बायकोसाठी पण बांधून घेतला.

पॅकेज घेऊ नका, गाडी आणि ड्रायव्हर तेवढा घ्या, पाऊस संपल्यावर जा. रिफंडचं एजंट म्हणतो वीस तारखेनंतर. कुठल्या महिन्याच्या ते विचारलंय. ड्रायव्हरचा नंबर मात्र सेव्ह आहे, फेब्रुवारीत मावशीला आणतेय, तिला रेवदंडा बघायचंय.