काडीसाठी घेतलेला लटकता ब्रीडिंग बॉक्स

माशांच्या टाकीच्या काठाला बाहेरून लटकवायचा हा पारदर्शक डबा गप्पींच्या पिल्लांसाठी म्हणून विकतात. माझ्याकडे गप्पी नाहीत. मी तो घेतला काडी नावाच्या एका हडकुळ्या लोचला (लोच म्हणजे तळाशी राहणारा मासा) चार घास निवांत खाता यावेत म्हणून, आणि हा अभिप्राय तेवढ्याच कामापुरता आहे. पिल्लं त्यात कशी वाढतात ते मला विचारू नका.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलमध्ये ३ फुटी टाकी आहे. वरच्या मजल्यावर रोझी बार्ब माशांची टोळी, काचेला चिकटून ब्रिसलनोज प्लेको जातीचा एक मासा आणि तळाला झेब्रा लोचांचं कुटुंब. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायटा, हा काही परदेशी पाहुणा नव्हे. पश्चिम घाटातला, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातला हा मासा. १९२० साली नारायण राव यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. माझं माहेर कऱ्हाडचं. माहेरच्या नदीचा मासा डोंबिवलीत पैसे मोजून घ्यायचा आणि वर त्याला नळाच्या पाण्याचं क्लोरिन बाधू नये म्हणून थेंब टाकत बसायचं, हे आमच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

या कुटुंबातली सगळ्यात धाकटी म्हणजे काडी. नाव लेकीने ठेवलं आणि चिकटलं. बाकीच्यांची पोटं खालून छान गोलसर, हिचं आत गेलेलं. वरून बघितलं की फरक जास्त कळायचा: डोकं रुंद, पण कल्ल्यांच्या मागून अंग एकदम निमुळतं, आणि पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला. लोचची तब्येत बघायची तर ती वरून आणि समोरून बघावी. बाजूने बघितलं तर पट्ट्यांमुळे सगळेच धष्टपुष्ट दिसतात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माझी पहिली शंका पोटातल्या जंतांवर. लोच जातीच्या माशांत हे फार होतं. खातात, पण अंगी लागत नाही. आतड्यातले गोल जंत असतील तर जाणकार लेव्हामिसोल वापरतात, फ्लॅजेलेट जातीचे सूक्ष्म परजीवी असतील तर मेट्रोनिडाझोल. पण औषधाची बाटली उघडण्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात: मासा खातोय का, आणि त्याची विष्ठा कशी आहे. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी असेल तर संशय घ्यायला जागा आहे. काडीची होती थोडीच, पण गडद आणि भरीव. (नाही, मी ती लॅबमध्ये नेली नाही. नेली असती तर डबे विचारूनच हातात घेतले असते लोकांनी.)

मग रात्री दिवे घालवून टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून बसले. लाल उजेडाला लोच फारसे बिचकत नाहीत. वेफर, म्हणजे तळाशी बुडणारी माशांच्या खाण्याची चकती, तळाला पोचायच्या आत बार्बांनी त्याचे कोपरे तोडले. उरलेल्यावर प्लेको जाऊन बसला, अक्षरशः अंगाखाली घेऊन, आणि उठायचं नाव नाही. दुसरा वेफर लोचांच्या थोरलीने बळकावला. काडी दोनदा पुढे आली, दोनदा तिला थोरलीने बाजूने ढुसणी दिली, आणि मग ती कोपऱ्यात जाऊन वाळू तोंडात घेऊन गाळत बसली. भूक होती, अन्न होतं, ताटापर्यंत पोचता येत नव्हतं. जास्त वेफर टाकून हे सुटत नाही. जास्तीचं प्लेको खातो आणि उरलेलं कुजून अमोनिया वाढवतं, म्हणजे जी आधीच अशक्त आहे तिच्याच मुळावर.

आता डब्याकडे वळते. रचना साधी आहे. हवेच्या पंपाची नळी एका छोट्या उभ्या पाइपला जोडायची. बुडबुडे वर चढताना टाकीतलं पाणी सोबत ओढून डब्यात सोडतात, आणि डबा भरला की पाणी दुसऱ्या टोकाच्या फटींतून परत टाकीत पडतं. म्हणजे मासा वेगळा, पाणी तेच. वेगळा फिल्टर नको, हीटर नको, नव्या पाण्याशी जुळवून घेणं नको. माझ्या कामासाठी हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि त्याची मर्यादाही तीच. पाणी एकच असल्यामुळे हा क्वारंटाइन नव्हे. ज्या माशाला संसर्ग असल्याची शंका आहे त्याला यात ठेवून काही उपयोग नाही, आणि डब्यात टाकलेलं औषध सबंध टाकीला बसतं. तशी वेळ आली तर वेगळी टाकीच लागते, तिथे पैसे वाचवू नयेत. लोचांचे खवले अगदी बारीक असतात आणि तांबं असलेली औषधं त्यांना सोसत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

बाकीचे पर्याय मी दुकानात हाताळून बघितले. जाळीची पेटी स्वस्त, पण ती टाकीच्या आत असते. त्यातून ब्लडवर्मची (माशांना खायला देतात त्या लाल अळ्यांची) टोकं बाहेर आली की बार्ब बाहेरून शोषून नेणार. आत तरंगणारा प्लास्टिकचा छोटा डबा, ज्याच्या तळाला पिल्लं खाली पडायला फट असते, तो तर आमच्यासाठी उलटाच. फटीतून पिल्लाऐवजी जेवण खाली पडतं. लटकत्या डब्याचा तळ सपाट आणि बंद आहे. तळाशी खाणाऱ्या माशासाठी एवढं पुरे. अजून एक गोष्ट: उरलेलं खाणं डोळ्यांना दिसतं आणि ड्रॉपरने उचलता येतं. आज किती खाल्लं हे पहिल्यांदा मला कळायला लागलं ते या डब्यामुळे.

मोठ्या मापाचा घेतला, आठशेच्या आत मिळाला. त्याहून लहान मापात लोच ठेवू नका. मधला पडदा आणि पिल्लांसाठीची जाळी काढून ठेवली. त्या जागी पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा टाकला आणि पुढच्या बाजूला आतून नव्हे, बाहेरून काळा कार्डपेपर लावला. हे करायलाच हवं, कारण डबा बाहेर असल्यामुळे हॉलमधला उजेड आणि येणारीजाणारी माणसं सगळं माशाला दिसतं, आणि घाबरलेला लोच खात नाही. लोच एकटाही नीट खात नाही. हा कळपाचा मासा आहे. म्हणून काडीसोबत तिच्याहून किंचित मोठी, पण स्वभावाने गरीब अशी दुसरी लोच ठेवली. पहिल्या संध्याकाळी दोघी पाइपमध्ये शिरून बसल्या. दिवे गेल्यावर बाहेर आल्या आणि काडीने ब्लडवर्म असा काही ओढला की शेपटीपर्यंत अंग थरथरलं.

पकडताना जाळं वापरू नका. लोचच्या डोळ्याखाली घडीचा काटा असतो, तो जाळ्यात अडकतो आणि सोडवताना माशाला इजा होते. मी पाइपचीच दोन्ही तोंडं बोटांनी झाकून तिला उचललं. लोच आपण होऊन पाइपात शिरतात, आपण फक्त वाट बघायची.

खायला काय दिलं ते सांगते, कारण डबा रिकामा असेल तर तो नुसता तुरुंग आहे. सुरुवात गोठवलेल्या ब्लडवर्मने. त्याचा गोठलेला चौकोनी तुकडा टाकीच्याच पाण्यात वाटीत विरघळवायचा, वरचं लाल पाणी ओतून द्यायचं, मग द्यायचं. बाजारात ट्युबिफेक्स नावाचा जिवंत किडा स्वस्त मिळतो, पण तो घाण पाण्यातला असतो आणि अशक्त माशाला नवा आजार लावायचा धोका मी घेणार नाही. ब्लडवर्मवर ती रुळली तेव्हा हिकारी कंपनीचे सिंकिंग (तळाशी बुडणारे) वेफर चुरून देऊ लागले. ते लवकर विरघळून पाणी गढूळ करत नाहीत आणि लोच त्यांना चटकन ओळखतात. आणि आठवड्यातून एखाद्या वेळी ताजी कोळंबी, सोलून, काळा दोरा काढून, अगदी बारीक कापून, बर्फाच्या ट्रेमध्ये चिमूट चिमूट गोठवलेली. मच्छीवाली मावशी विचारते, ‘एवढीशी कोळंबी कुणाला?’ माशाला, म्हटलं की हसते. शिवाय झाडांबरोबर टाकीत आलेल्या गोगलगायी. झेब्रा लोच त्या कवचातून ओढून खातात आणि ते बघण्यासारखं असतं.

खाणं थोडं आणि वरचेवर. हडकलेल्या माशाला एकदम पोटभर घालू नये. सकाळी ऑफिसला जायच्या आधी चिमूटभर, संध्याकाळी आल्यावर, आणि दिवे घालवल्यावर जरा जास्त. तापमान २४-२५ अंशांवरच ठेवलं. काहीजण भूक वाढावी म्हणून हीटर चढवतात. त्याने शरीराचा खर्चही वाढतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. लसणाचा रस लावून द्यायचा सल्लाही भरपूर मिळाला. काडीला भुकेची उणीव नव्हती, तेव्हा लसूण आमटीतच राहिला.

गुण बराच सांगितला, आता दोष. पहिला, आवाज. बुडबुड्यांची गुळगुळ रात्री हॉलभर ऐकू येते. नळीत हवा कमी करायचा छोटा व्हॉल्व्ह बसवला की ती सुसह्य होते, पण तो व्हॉल्व्ह पाकिटात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. एकतर्फी व्हॉल्व्हही येत नाही, आणि पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर तो हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात येतं. दुसरा, डबा सरळ बसत नाही. त्याला खाली एक फिरवायचा पाय आहे, तो काचेला टेकवून डबा समपातळीत आणायचा. माझ्याकडचा पाय सैल, दर थोड्या दिवसांनी डबा पुढे झुकायचा आणि पाणी फटींऐवजी काठावरून पडेल की काय अशी धास्ती. शेवटी मध्ये रबराचा तुकडा सारला. तिसरा, परतीच्या फटींत पानं आणि अन्न अडकतं, रोज बोट फिरवावं लागतं. चौथा आणि गंभीर: झाकण नुसतं ठेवायचं आहे, कुठे अडकत नाही. लोच उड्या मारतात. मी त्यावर लेकीचा कंपासबॉक्स ठेवते.

आणि वीज. पंप थांबला की या एवढ्याशा पाण्याचा अभिसरणाशी संबंध तुटतो. दोन मासे आणि थोडं पाणी, प्राणवायू लवकर संपतो. ज्यांच्याकडे वीज तासन्‌तास जाते त्यांनी बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवावा, नाहीतर मासे सरळ टाकीत सोडावेत.

महिन्याभराने काडीच्या मानेमागची खळगी भरली. पोट बाकीच्यांइतकं नाही, पण सरळ रेषेत आलं. आणि इथे डबा त्याच्या मर्यादेला पोचला. त्यात जास्त दिवस ठेवलं की लोच फिरायला विसरतात, पट्टे फिके पडतात. परत सोडणं हे डब्यात टाकण्याहून नाजूक काम निघालं. लोचांमध्ये पक्की उतरंड असते, आणि मधे गायब झालेली परत आली की थोरली तिला नव्याने जागा दाखवते. म्हणून सोडायच्या दिवशी दगड आणि लाकूड इकडचं तिकडे केलं, लपायला पाइपचे तुकडे वाढवले, बाकीच्यांना आधी भरपूर खाऊ घातलं आणि दिवे घालवून दोघींना एकदमच सोडलं. थोडी पळापळ झाली, सकाळपर्यंत शमली.

त्यानंतर खरं काम करतेय ती कडक अ‍ॅक्रिलिकची लांब नळी, जी या डब्याच्या निम्म्या पैशांत येते. प्लेकोसाठी एका टोकाला काकडीची चकती, बार्बांसाठी वर पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या, आणि सगळे गुंतले की नळीतून खाणं थेट काडीच्या दगडामागे. हल्ली नळी पाण्यात शिरली की ती बाहेर येते. थोरलीलाही हे कळलंय, त्यामुळे दुसरी नळी घेऊन दोन टोकांना एकदम सोडते. माझे दोन्ही हात गुंतलेले असतात तेव्हाच दारावरची बेल वाजते.

पाचपैकी साडेतीन देते. पाय घट्ट असता आणि झाकणाला कडी असती तर साडेचार. ज्यांच्या टाकीला काचेवरून जाड प्लास्टिकची चौकट आहे त्यांनी घेण्याआधी काठाची जाडी पट्टीने मोजावी, कारण डबा लटकवायचा हुक जाड काठावर बसत नाही आणि विकणारा हे सांगत नाही. उभ्या पाइपचं टोक तुटलं तर सुटा भाग मिळत नाही. मी सलाइनच्या नळीचा तुकडा बसवलाय आणि तो मूळच्यापेक्षा बरा चाललाय.