बजाजनगरचं मोठं दुकान बंद होतंय, सेलला जाऊन आलो

दोन स्टार, तेबी तिथल्या पोरापोरींसाठी.

दुकानाचं नाव लिहीत नाही, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजकडच्या लोकांना बरोबर कळतं. बाहेर भला मोठा बोर्ड, 70 टक्क्यांपर्यंत सूट. आता त्या ‘पर्यंत’मध्येच सगळी गोम आहे बगा. 70 टक्के कशावर, तर लहान लेकरांच्या स्वेटरवर, भर मे महिन्यात. तेल, साखर, कपड्याचा साबण काहीच नाही, नवीन माल यायचाच बंद झालाय म्हणे. बिस्किटं एकावर एक फ्री होती, तारीख बघितली तर आठ दिवस राहिलेले. बायकोच्या कार्डावर 640 पॉइंट होते, काउंटरवर म्हणले सर सिस्टीम बंद झाली. फार पैसे नव्हते हो ते, पण तिनं तीन वर्षं जपले होते.

बिलिंगची पोरगी मात्र शेवटपर्यंत हसून बोलत होती, तिला म्हणलं पुढं काय, तर म्हणे बघू, शहरात कुठं मिळालं तर. म्हणजे रोज पंढरपूर (विठोबाचं नाही, इथलं वाळूजजवळचं), गोलवाडी, नगर नाका करत शहरातल्या बाबा पंपापर्यंत रिक्षानं जायचं आन रात्री तसंच यायचं, पगारातलं उरणार काय.

2022 ला बिग बझारचं झालं तवा आपण नुसत्या बातम्या वाचल्या, भाडं थकलं, रिलायन्सनी जागा ताब्यात घेतल्या, जुलैत बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेल कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण सुरू. इथं आतली गोष्ट काय ते माहीत नाही, पण दिसत होतं की. 1985 ला बजाजचा प्लांट आला तवापासून हा भाग पगारावर चालतो, सात तारखेनंतर चार दिवस ट्रॉली मिळायची नाही आन वीस तारखेला आत फक्त एसी खायला आलेले लोक, मीबी त्यातलाच. ओव्हरटाइम कमी झाला की आधी इथलीच खरेदी कमी, कारण हे दुकान उधार देत नाही ना. आमच्या गल्लीतली दोन किराणा दुकानं याच्यामुळं बसली, तिथं आता मोबाईल कव्हरवाले आहेत, ती काय परत येत नाहीत.

तिसरे किराणावाले काका टिकले. ते तिथंच भेटले, लोखंडी रॅकचा भाव करायलेत. मला बघून म्हणले, वही आहे अजून, तुमचं पान फाडलं नाही.

रॅक आन डीप फ्रीजर खरंच स्वस्त आहेत, दुकानवाल्यांनी जावं. बाकीच्यांनी रिक्षाचे पैसे वाचवा. पिशवी घरून न्या, कागदीसुद्धा संपल्यात.