एमसीटी तेल, लहान मुलाच्या पोटाच्या ऑपरेशननंतर: तेलाला ४ स्टार, लेबलला २

जिमवाल्या दादांसाठी हा रिव्ह्यू नाही, आधीच सांगते. कीटो कॉफीत घालतात तेच हे तेल, एमसीटी म्हणजे मीडियम चेन ट्रायग्लिसराइड, मध्यम लांबीच्या साखळीची फॅट, पण आमच्या घरात ते आलं भाचीसाठी, तिच्या किडनीची गाठ काढली त्यानंतर. विल्म्स ट्यूमर म्हणतात त्याला. रिव्ह्यू शोधायला गेले तर सगळे वजन उतरवणारे, आणि आम्हाला पोरीचं वजन टिकवायचं होतं, मग म्हटलं आपणच लिहू.

लागतं कशाला ते आधी. पोटात अगदी मागे, मणक्यापुढे, मोठ्या धमनीच्या आजूबाजूला लिम्फच्या, म्हणजे शरीरातल्या एका पातळ द्रवाच्या, बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि आतड्यातून शोषलेली चरबी त्यातूनच वर जाते. किडनीची नाहीतर अॅड्रिनलची (किडनीवरच्या ग्रंथीची) गाठ काढताना, त्यात परत आसपासचे लिम्फ नोड, म्हणजे त्या नळ्यांवरच्या बारीक ग्रंथी, काढायच्या म्हटलं की यातल्या काही नळ्या कापल्या जाणारच. म्हणजे त्यातून लिम्फची गळती टाळायचं खरं काम ऑपरेशन थिएटरमध्येच होतं, सर्जन त्या नळ्या बांधतात, क्लिप लावतात, पोट शिवायच्या आधी कुठे पाझरतंय का परत बघतात. तेलाची बाटली त्याच्या नंतर येते हे विसरू नका. गळती राहिली तर पोटात पाणी साठतं, प्रोटीन आणि इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी त्यातून वाहून जातात आणि पुढची केमो लांबते, म्हणून एवढा खटाटोप.

अजून एक, हे आम्हाला सर्जननी नीट समजावलं. मूल उपाशी असताना गळती असली तरी ड्रेनमधलं, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतलं, पाणी दुधाळ दिसत नाही, पोटात फॅट गेल्यावरच ते पांढरट होतं. म्हणून खाणं सुरू झाल्यावरही ड्रेनची नळी ठेवली होती. आमची आई रोज विचारायची, कधी काढणार ती नळी, तर उत्तर हे. शंका आली तर त्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, तपासतात.

आता तेल. साधं तेल, तूप, साय हे सगळं त्या लिम्फच्या नळ्यांतून जातं, एमसीटी बरंचसं थेट रक्तात शिरून लिव्हरला जातं, त्यामुळे नळ्यांवरचा भार कमी होतो आणि त्यांना भरून यायला वेळ मिळतो. भाचीचे नोड बरेच काढले होते म्हणून डाएटिशियननी सुरुवातीपासूनच कमी फॅट अधिक एमसीटी असं ठरवलं, सगळीकडे असं करतातच असं नाही, काही ठिकाणी गळती दिसली तरच देतात. तिला गळती झाली नाही. तेलामुळेच झाली नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही, श्रेय आधी सर्जनचं.

लेबलवर चिडलेय ती यासाठी. पहिली बाटली ऑनलाइन मागवली, कंपनीचं नाव नाही घेत, पुढे पिळदार दंडाचा फोटो आणि मागे बारीक अक्षरात सी१२ म्हणजे लॉरिक अॅसिडपण आहे असं लिहिलेलं. ते बऱ्यापैकी लिम्फमधूनच जातं, मग आपल्याला काय उपयोग. फक्त सी८ आणि सी१०, म्हणजे त्याहून छोट्या साखळ्या, लिहिलेलं असेल तेच घ्या. आणि "खोबरेल तेल पण तेच की" म्हणणारे नातेवाईक भेटतीलच, तर नाही, खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिकच असतं. दुसरी बाटली परळच्या एका मेडिकलमधून आणली, ती बरोबर निघाली, महाग होती पण.

चवीला काहीच नाही, पातळ, पाण्यासारखं, पोरीला कळलंसुद्धा नाही. मऊ भात, मुगाचं वरण, भाजलेल्या रव्याची पेज, यात गॅस बंद केल्यावर वरून कालवायचं. कडकडीत फोडणी नको, लवकर धुरावतं. एकदम जास्त दिलं तर पोट बिघडतं, म्हणून थोडं थोडं वाढवायचं, किती ते डाएटिशियन सांगतील तेवढंच, १५ मिलीत साधारण ११५ कॅलरी आहेत म्हणून बरं वाटतं, तरी मनाने ओतू नका. थर्माकोलच्या कपात किंवा हलक्या प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, ते मऊ पडतं, स्टीलची वाटी घ्या.

बाटली आणली म्हणजे पथ्य झालं असंही नाही, खरा त्रास बाकीच्या फॅटचा. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, कणकेतलं तेल, सगळं बंद. घरी साय काढलेल्या दुधातही फॅट उरतं, पाकिटातलं स्किम्ड आणायला लागलं. अंड्याचा फक्त पांढरा. साबुदाण्याची खिचडी बिनकुटाची केली तर पोरगी रडली, बरोबरच आहे, मीही रडले असते.

आणि हे कायमचं देत बसायचं तेल नाही. लिनोलेइकसारखी शरीराला लागणारी फॅट यात नसतात, पथ्य लांबलं तर त्याची आणि ए, डी, ई, के या व्हिटॅमिनांची सोय डॉक्टरच बघतात. आमचं पथ्य हळूहळू सोडवलं, आधी अर्धा चमचा साधं तेल, मग बाकीचं.

एक स्टार कापला तो किमतीसाठी आणि बाटलीच्या झाकणासाठी, ओतताना हमखास ओघळतं. उरलेलं तेल भावोजी सॅलडवर घालून संपवतायत.