दातांवरून वय: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हवालदार पाकीट घेऊन दारात उभा असतो आणि म्हणतो, "डॉक्टर, एकच आकडा लिहा ना. अठराच्या वर का खाली, साहेबांना तेवढंच पाहिजे." माणूस दर वेळी वेगळा, वाक्य तेच.

मी मुंबईतला दंतवैद्य. वयनिश्चितीच्या केसमध्ये हाडांचे एक्स-रे दुसरे लोक बघतात, दातांचा भाग माझ्याकडे. कॉलेजात हा विषय दहा मार्कांपुरता वाचला होता. आता तीन संशोधकांच्या पद्धती हाताशी असतात: डेमिर्जियनचे तक्ते, भारतीयांसाठी आचार्यांनी काढलेलं सूत्र आणि कॅमेरिएरेंचा अक्कलदाढेचा निर्देशांक.

डेमिर्जियनची पद्धत १९७३ची, फ्रेंच-कॅनेडियन मुलांवर बेतलेली. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात दात घ्यायचे, अक्कलदाढ सोडून. प्रत्येक दात किती घडलाय ते ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, बघायचं आणि ए ते एच यांपैकी एक स्टेज द्यायची. डीला क्राउन, म्हणजे दाताचा वरचा भाग, पुरा होतो, एफला मूळ निदान क्राउनएवढं लांब, जीला मुळातल्या नळीच्या भिंती समांतर पण मुळाचं टोक उघडं, एचला टोक बंद. मग गुणांची बेरीज, १००पैकी, आणि तक्त्यात वय. मुलग्यांचा तक्ता वेगळा, मुलींचा वेगळा. शिकायला एक दुपार पुरते.

दात हिरडीबाहेर आलाय की नाही, हे इथे मोजतच नाहीत. मला हे फार पटलं. दुधाची दाढ किडून लवकर काढली किंवा जबड्यात जागाच नसली, की दात उगवायचं वेळापत्रक कोलमडतं. मूळ मात्र आपल्या चालीने वाढत राहतं. पोटाला नीट न मिळालेल्या मुलाची हाडं मागे पडतात, दात त्या मानाने कमी.

एक मुलगा आला होता, कारखान्यातून सोडवून आणलेला, कागद एकही नाही. अंगाने नऊ-दहाचा. मशीनमध्ये हनुवटी टेकवून उभा केला, पुढच्या दातांत पट्टी धरायला दिली. मशीन डोक्याभोवती फिरायला लागलं तसा तो हलला आणि पहिला फोटो वाया गेला. "दांत निकालोगे क्या?" ही त्याची खरी भीती. नाही म्हणून शपथ घातली तेव्हा कुठे थांबला. दुसऱ्या फोटोत पहिल्या मोठ्या दाढेची टोकं बंद, सुळ्याचं टोक जरासं उघडं, दुसरी दाढ एफ ओलांडून जीकडे निघालेली. बारा-तेराचा मुलगा होता तो. नुसत्या अंगाकडे बघून कोणी तसं म्हटलं नसतं. या वयाला पद्धत खरंच छान चालते. फक्त मूळ तक्ता आपल्या मुलांचं वय बऱ्याचदा वाढवून सांगतो, म्हणून तो आकडा मी एकटा कधीच लिहीत नाही.

पण माझ्याकडे बारा-तेराची मुलं येतात किती? कोर्टाला पडलेले प्रश्न सोळाचे आणि अठराचे असतात. सोळाच्या आत सातही दात जवळजवळ आटोपतात, डेमिर्जियनचा तक्ताही १६लाच संपतो. पुढे उरते अक्कलदाढ, जबड्यातला सगळ्यात लहरी दात. काहींना ती येते, काहींची आडवी पडते, काहींच्या जबड्यात मुळात तयारच होत नाही. आणि गंमत बघा, बाकीच्या दातांत मुली पुढे असतात, अक्कलदाढेत मात्र मुलगे.

आचार्यांनी २०११मध्ये ही दाढ धरून आठ दातांचं सूत्र दिलं, भारतीयांवरूनच काढलेलं. रोजच्या वापरात मला हेच बरं पडतं. अडचण अशी, की आठही दात एचला पोचले की सूत्र एकाच आकड्यावर अडकून बसतं, समोरचा वीसचा असो की तिशीचा. कॅमेरिएरेंच्या २००८च्या पद्धतीत खालच्या डाव्या अक्कलदाढेच्या मुळांची उघडी टोकं मोजायची आणि बेरजेला दाढेच्या लांबीने भागायचं. उत्तर ०.०८च्या खाली आलं तर अठरा पूर्ण मानायचे. गुणोत्तर असल्यामुळे मशीनने चित्र मोठं केलं तरी फारसं बिघडत नाही, हा मोठा फायदा. पण हिशोब करून बघा: दाढ २० मिमी लांब असेल तर दोन्ही टोकं मिळून १.६ मिमी. म्हणजे एका टोकाला ०.८. दाढ जरा तिरकी असली की कर्सर कुठे ठेवायचा, यावर पोरगा बाल न्याय मंडळापुढे जाणार की मोठ्या कोर्टात, हे हलू शकतं. मी तीच फिल्म पंधरा दिवसांनी पुन्हा वाचली आणि माझंच उत्तर बदललं. तेव्हापासून दोघांनी वेगवेगळं वाचल्याशिवाय सही करत नाही. एकदा घाईत मुलीचे गुण मुलग्यांच्या शीटमध्ये टाकले होते; सहकाऱ्याने पकडलं म्हणून वाचलो. आता दोन फाइली वेगळ्या आहेत.

पाचपैकी किती, म्हणाल तर चौदापर्यंत साडेचार, अठराच्या आसपास अडीच. आणि त्यात पद्धतीचा दोष कमी, तिला विचारलेल्या प्रश्नाचा जास्त. बालन्याय कायद्याचं कलम ९४ वाचलं तर हे स्पष्ट दिसतं: आधी शाळेचा जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा, ग्रामपंचायतीचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच तपासणी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच म्हटलंय, की वैद्यकीय वय दोन्ही बाजूंना दोन वर्षं चुकू शकतं.

परवाच्या हवालदाराने जिन्यातच रिपोर्ट उघडला आणि परत वर आला.

"सतरा ते एकोणीस? यात मी काय समजू?"

"कागद शोधले का गावाकडे?"

"आई म्हणते शाळेत जायचा चौथीपर्यंत. बीडकडं कुठंतरी."

"मग शाळेत नाव असेलच की."

त्याने घड्याळ बघितलं, पाकीट बगलेत मारलं आणि रात्रीची एसटी किती वाजता सुटते ते आमच्या शिपायाला विचारत खाली गेला.