एका खिळ्याची चार पंक्चर

हायवेच्या कडेला ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायला गाडी थांबते, तेव्हा खिळा एकच असतो आणि पैसे चार पंक्चरचे द्यावे लागतात. सातआठशे रुपये गेले ते एक वेळ सोडून देता येतील, पण टायरला मुद्दाम पाडलेली तीन नवी भोकं सोडून देता येत नाहीत, कारण त्याच टायरवर घरची माणसं बसवून पुढे शंभरच्या वेगाने जायचं असतं. पंक्चरवाले बहुतेक प्रामाणिकच असतात. रात्री दोन वाजता उठून चाक काढून देणारे लोक आहेत ते. त्यांच्या आडून जे हा धंदा करतात, त्यांची पद्धत नीट समजून घ्यायला हवी.

प्रकार साधारण असा घडतो. सर्व्हिस रोडवर किंवा टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे एक मोटरसायकलवाला शेजारून जाताना मागच्या चाकाकडे बोट दाखवतो, "साहेब, हवा कमी आहे!" आणि निघून जातो. दोनतीनशे मीटरवर टायर टांगलेलं दुकान दिसतंच. कधी बोट दाखवणाराही नसतो, चाकात खरोखर खिळा असतो आणि पॅनलवर हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागलेला असतो. गाडी थांबली की दुकानातला पोरगा बसूनच चाकाभोवती हात फिरवतो, साबणाच्या पाण्याची बाटली घेतो आणि टायरवर फवारायला लागतो. गाडीवाला उभा राहून वरून बघतो.

इथे त्याच्या हाताकडे बघायचं असतं, आणि नेमकं तिथेच कुणी बघत नाही. डाव्या हातात बाटली असते. उजव्या हाताने तो साबण पसरवतो, टायर चोळतो. त्याच मुठीत बारीक टोच्या असतो, दाभणासारखा, टोकाला धार लावलेला. नवीन टायरच्या नक्षीचं रबर ७-८ मिलिमीटर जाड असतं आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यामुळे टोच्या वाटेल तिथे आत जात नाही. तो नक्षीच्या खोल खाचेत धरतात, कारण तिथे रबर पातळ असतं आणि टोक तारांच्या मधून सरकतं. तळव्याचा एक दाब पुरतो. हात उचलला की साबणाचा फुगा वर येतो.

"हे बघा साहेब, इथे एक. हे दुसरं. तुमच्यासमोरच दाखवतोय."

"एवढी कशी असतील?"

"हायवेला खिळे लय पडतात साहेब. तरी बरं, वेळेत थांबलात."

"तुमच्यासमोरच" हा शब्द गाडीवाल्याला गप्प करतो, कारण फुगा खरा असतो आणि हवा खरोखर जात असते. दरही आधी अर्धवटच सांगितलेला असतो. "शंभर रुपये" म्हणजे भोकात कोंबायच्या एका चिकट रबरी पट्टीचे शंभर, हे पट्ट्या मारून झाल्यावर कळतं. एका भोकात दोन पट्ट्या कोंबल्या की दोनशे. "मशरूम मारून देतो, आयुष्यभर काळजी नाही" म्हणत तीनशे-चारशे सांगतात आणि टायर रिमवरून न उतरवताच काम उरकतात. मशरूम, म्हणजे देठ आणि टोपी असलेलं रबराचं बूच, टायरच्या आतून बसतो. चाक गाडीवर असताना मशरूम मारला असं कुणी म्हणालं, तर ती बहुतेक साधी पट्टीच असते.

खोटं पकडायचा सर्वात भक्कम मार्ग म्हणजे हवेचा आकडा. ट्यूब असलेल्या टायरमध्ये खिळा घुसला की टायर लगेच बसायचा. ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवणारा थर टायरच्या आतल्या अंगालाच असतो आणि रबर खिळ्याला आवळून धरतं. खिळा आत असेपर्यंत हवा फार हळू जाते. समजा, चाकात ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरली होती आणि दोन दिवसांनी मोजली तर २७ निघाली. म्हणजे गळती एका बारीक जागेतून आहे. चार ठिकाणांहून फुगे भराभर येत असतील, तर तो टायर दोन दिवस टिकलाच नसता, काही तासांत जमिनीला टेकला असता. हा हिशेब पंक्चरवाल्याला शांतपणे ऐकवला की बऱ्याचदा चारचा आकडा तिथेच खाली येतो. त्यासाठी आकडा आपल्याजवळ हवा. गाडीत चाकात सेन्सर असतील, तर प्रत्येक चाकाचा दाब पॅनलवर दिसतो, दुकानापाशी थांबण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत मात्र एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेणारी पद्धत असते. ती दिवा लावते, आकडा देत नाही. अशा गाडीत हवा मोजायचं साधं गेज ठेवलंच पाहिजे.

दिवा लागला म्हणून दिसेल त्या दुकानात शिरायची गरज नसते, हे फार कमी जणांना माहीत असतं. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत असेल, तर इंजिन चालू ठेवून हवा ३५ पर्यंत भरा आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. एखादा पीएसआय उतरला असेल तर खिळा तसाच ठेवून, साठच्या आत वेगाने, मध्येमध्ये मोजत, पुढच्या मोठ्या गावातल्या टायरच्या दुकानापर्यंत जाता येतं. खिळा दिसला तरी हाताने उपसू नका. तो बूच म्हणून काम करत असतो. मात्र हवा २० च्या खाली गेली असेल आणि भरूनही टिकत नसेल, तर चालवू नका. बसलेल्या टायरवर दोन किलोमीटर गेलात तर टायरची बाजूची भिंत आतून चुरडते, मग तो टायर खरोखरच जातो. अशा वेळी स्टेपनी लावा. नट जॅक चढवण्याआधीच अर्धा फेरा सैल करायचे, जॅक दाराखालच्या कडेला खाच असते तिथेच लावायचा, नट आवळताना समोरासमोरचे आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचं. स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते, ती पाळायची.

नवी गाडी घेतलेल्यांनी डिकी एकदा उघडून बघावी. हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस दुरुस्तीचा संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही, अशी दुरुस्ती केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झाली. काही गाड्यांत खरोखर स्टेपनी नसते आणि ते पंक्चर झाल्यावर कळतं. मग माणूस समोरच्या दुकानदाराच्या हातात पूर्ण सापडतो.

दुकानात थांबायचंच झालं तर सगळे जण खाली उतरा, पण चाकाजवळ एकाने बसायचं. उभं राहायचं नाही, बसायचं. साबणाचं पाणी आपल्याकडचं असेल तर उत्तम. पाण्याच्या छोट्या बाटलीत भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब पुरतात. दुकानदाराने टायरला हात लावण्याआधी आपणच ते नक्षीवर, कडेला आणि व्हॉल्व्हवर ओता. गाडी हातभर पुढे घेतली की खाली दबलेला भागही वर येतो. जिथे फुगा येईल तिथे खडूने खूण करा आणि फोटो काढा. हलवलेल्या साबणाचा फेस आणि गळतीचा फुगा यांत फरक असतो. फेस जागेवर बसून विरतो. गळतीचा फुगा पुसून पुन्हा पाणी टाकलं तरी त्याच बिंदूवर परत फुगत जातो. मग सांगा, "भाऊ, पंक्चर एक आहे, खूण केलीय, तेवढंच काढा. पट्टीचे किती?" दर आधी, पट्टीमागे किती ते स्पष्ट, आणि एका भोकात किती पट्ट्या तेही विचारून.

तपासणी त्यालाच करायची असेल तर चाक काढून टाकीत बुडवायला सांगा. बहुतेक जुन्या दुकानांत पाण्याची टाकी असते. बुडवलेल्या चाकाला चोळावं लागत नाही, फुगे आपोआप रांगेने वर येतात. टाकी असूनही "त्याची काय गरज, बाटलीनेच दिसतं" म्हणून कुणी टाळत असेल, तर गाडी पुढे न्यायला हरकत नाही.

भोकाकडेही निरखून बघा. खिळ्याच्या जागी खिळा असतो, निदान त्याचं चकचकीत डोकं किंवा झिजलेला तुकडा असतो, आणि भोवतालचं रबर धुळीने मळलेलं असतं. टोच्याच्या भोकात काहीच नसतं, कडा ताज्या काळ्या असतात. "खिळा पडून गेला असेल" हे उत्तर एकदा मानता येईल, तीनदा नाही. आणि गळती नेहमी नक्षीतूनच असते असंही नाही. व्हॉल्व्हची आतली पिन सैल असते, व्हॉल्व्हचं रबर तडकलेलं असतं, अलॉय रिमच्या कडेला गंज धरून तिथून हवा जाते. पिन आवळणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि व्हॉल्व्ह बदलायला शंभराच्या आसपास लागतात. अशा चाकात नसलेलं पंक्चर काढून दिलं जातं, आणि जाता जाता व्हॉल्व्हची पिन आवळली जाते. हवा टिकते, माणूस समाधानाने निघून जातो.

खरी पट्टी कशी मारतात हे माहीत असलं की हलगर्जीही कळते. पक्कडीने खिळा ओढताना तो कोणत्या तिरक्या कोनात गेला होता ते बघायचं, कारण सळई आणि सुई त्याच कोनात गेली पाहिजे. सरळ दाबली तर तारांचा पट्टा नव्याने फाडत जाते. खरबरीत सळई सोल्यूशन लावून तीनचार वेळा आतबाहेर करायची. पट्टी सुईच्या नेढ्यात मधोमध ओवून आत दाबायची, बाहेर दीड सेंटिमीटर शेपट्या उरेपर्यंत, आणि सुई न फिरवता झटक्याने ओढायची. शेपट्या कापताना ओढायच्या नाहीत, तीनचार मिलिमीटर वर ठेवून कापायच्या. मग गाडीच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरून पुन्हा साबण टाकून बघायचं. लेबल नसलेल्या पिशवीतल्या कडक, सुकलेल्या पट्ट्या धरत नाहीत. चांगली पट्टी बोटाला चिकटते.

बाहेरून मारलेली पट्टी तात्पुरतीच धरावी. मशरूम आतून बसतो. त्यासाठी टायर उतरवून आतला भाग घासतात, सोल्यूशन सुकू देतात आणि देठ भोकातून बाहेर ओढून टोपी आतून चिकटवतात. भोक ६ मिलिमीटरपर्यंतचं आणि नक्षीच्या मधल्या पट्ट्यातलं असेल तरच हे करायचं. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, किंवा बाजूच्या भिंतीवर भोक असेल तर पट्टी नाही आणि मशरूमही नाही, कारण तो भाग सतत वाकतो आणि दुरुस्ती सुटते.

सर्वात महाग फसवणूक याच माहितीचा आधार घेऊन होते. टोच्या बाजूच्या भिंतीत घातला जातो, तिथे पोलादी पट्टे नसल्याने तो सहज जातो. मग दुकानदार गंभीरपणे आणि अगदी बरोबर सांगतो, "साहेब, साइडला पंक्चर आहे, याला काही करता येत नाही." आत टायर तयार असतो, किंमत तो म्हणेल ती. घाईत कुणी त्यावरची तारीख बघत नाही. टायरच्या भिंतीवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जातो, तो असा. कुणी "ट्यूब टाकून देतो, स्वस्तात भागेल" म्हणालं तर तेही नको. ट्यूबलेसच्या आत ट्यूब घासते, तापते आणि फुटली तर सगळी हवा एका क्षणात जाते. या टप्प्यावर आपली स्टेपनी लावून निघून जाणं हाच मार्ग. जुना टायर त्याच्याकडे सोडायचा नाही.

पैसे देताना यूपीआयने द्या, म्हणजे कुणाच्या खात्यावर किती गेले याची नोंद राहते. भोकांचे, पट्ट्यांचे आणि दुकानाच्या पाटीचे फोटो घ्या. सोबत मुलं-म्हातारी माणसं असतील आणि चार जण गोळा झाले असतील, तर तिथे वाद वाढवू नका. पुढे सुरक्षित जागी थांबून राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, धमकी दिली असेल तर ११२, आणि पैशांच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ लावा. पोलिसांत तक्रार देताना "जास्त पैसे घेतले" एवढंच सांगू नका, "टायरला मुद्दाम भोकं पाडली" हे लिहा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ३२४ हे कलम आहे.

फसगत होऊन गेली असेल तर घरी पोचल्यावर त्या टायरकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या टायरवाल्याकडे तो रिमवरून उतरवायला लावा आणि टॉर्च घेऊन आतून स्वतः बघा. चारही पट्ट्यांची टोकं आत दिसतील. पट्ट्या दूरदूर आणि नक्षीच्या मध्यात असतील, तर त्या काढून प्रत्येक जागी आतून मशरूम बसवून घ्या, नाहीतर भोकातून पाणी शिरून तारांना गंज धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात नक्षीवर टेंगूळ येतं. दोन भोकं एकमेकांना खेटून असतील, एखादं खांद्यावर असेल, किंवा आत काळ्या रबराचा चुरा पडलेला दिसला, तर तो टायर चालवायचा नाही, स्टेपनी म्हणूनही ठेवायचा नाही. बदली टायर दुसऱ्या बाजूच्या टायरच्याच मापाचा घ्या. नक्षीच्या झिजेत फार फरक असेल तर त्या एक्सलचे दोन्ही टायर बदला. दाबाची सूचना देणारी यंत्रणा एबीएसवर चालणारी असेल, तर हवा भरल्यावर ती रीसेट करायला विसरू नका, नाहीतर दिवा तसाच राहतो.