सोडा स्टिरिओ की काइफानेस?

दोन्ही स्पॅनिशमध्ये गाणारे रॉक बँड. ब्युनोस आयर्सच्या सोडा स्टिरिओवर (स्थापना 1982) सुरुवातीला ‘द पोलिस’ या ब्रिटिश बँडची छाप स्पष्ट आहे. वादक तिघेच, गिटार दोन ठोक्यांच्या मधोमध तुटक वाजते, मोकळी जागा बास गिटार भरतो. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं.

मेक्सिको सिटीच्या काइफानेसने (स्थापना 1987) ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडकडून कोरस-पेडलची (गिटारचा सूर दुहेरी, लहरता करणाऱ्या उपकरणाची) ओलसर गिटार आणि काळोखा सूर घेतला. पण 1988 मध्ये त्यांनी ‘ला नेग्रा तोमासा’ हे क्यूबन गाणं कुंबिया या लॅटिन अमेरिकी नाचाच्या ठेक्यावर वाजवलं. मला ही झेप जास्त धाडसी वाटते!

इंग्रजी रॉकची चाल स्पॅनिशमध्ये गाताना अडचण दोघांपुढे एकच. इंग्रजी ओळ बहुधा एकाक्षरी शब्दावर संपते, स्पॅनिश शब्दाचा जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. चाल तशीच उचलली की ‘कासा’चा (घर) जोर ‘सा’वर पडतो नि शब्द लंगडतो.